व्हँकुव्हरपर्यंतचं तिकीट

११ फेब्रुवारी, कनाटा (ओटावा)

ही वही गौरांगीने ख्रिसमसला दिली. “राइट इट डाउन, बाबा. डोन्ट टेल एव्हरीवन.” म्हणजे माझ्या मुलीने मला सभ्य शब्दांत गप्प बसायला सांगितलं. दीड महिना वही तशीच पडून होती. आज लिहायला बसलो, कारण आज जे झालं ते खरंच कोणाला सांगण्यासारखं नाही.

जयंतीला फॅमिली डॉक्टरकडे घेऊन गेलो होतो. त्र्याहत्तराव्या वर्षी आधी अर्धा तास ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल केला तेव्हा गाडी निघाली. डॉक्टरीण शाळकरी पोरीसारखी दिसते. रिपोर्ट बघून म्हणाली, बी-ट्वेल्व्ह कमी आहे. मग साधा प्रश्न विचारला, “डू यू ईट फिश?”

जयंती म्हणाली, “आय यूज्ड टू.” आणि रडायला लागली. हमसून हमसून. त्या पोरीने टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी केलंय.

मी काय केलं? गोळ्या मिळतात, इंजेक्शनं मिळतात. सत्तर वर्षांच्या बाईने व्हिटॅमिनवरून रडायचं असतं का?

जयंती वेंगुर्ल्याची, आम्ही नागपूरचे. लग्न आम्हीच ठरवलं, १९७८ साली. आईने दोन महिने अबोला धरला आणि मग एकच अट घातली, की घरात मासळी शिजणार नाही. जयंतीने ती मान्य केली. ना मानपान, ना रुसवेफुगवे, इतकं स्वस्तात निभावलं. पुढे आई कॅनडात आमच्याकडेच राहिली आणि २००४ मध्ये गेली. आणि बाहेर खायला कोणी कधी अडवलं होतं? मी स्वतः पंचवीस वर्षं ऑफिसच्या कॅफेटेरियात चिकन सँडविच खाल्लं. बाहेरचं बाहेर, घरचं घरी. आपली निम्मी माणसं असंच जगतात आणि त्यातलं कोणी डॉक्टरसमोर रडत नाही.

१६ फेब्रुवारी

जेवताना जयंती म्हणाली, “मी जपानला जाणार आहे.”

मी म्हटलं, “ती चेरीची फुलं बघायला?”

“तीही बघेन.”

“अगं, मला विचारायची काही पद्धत आहे की नाही?”

“सांगतेय ना. यायचं तर ये, नाहीतर राहा.”

जी बाई पडद्याचा रंग मला चारदा विचारते, ती हे बोलली. मराठी मंडळातल्या कोणीतरी डोक्यात भरवलं असणार. हल्ली जो उठतो तो जपानला जातो आणि परत येऊन तिथल्या स्वच्छतेवर तासभर व्याख्यान देतो. स्वतःच्या गॅरेजमध्ये पाय ठेवायला जागा नसते.

तिला एकटीला कसं पाठवणार? मी हो म्हटलं, पण जपानात खायचं काय, हा प्रश्न कोणत्याही शहाण्या माणसाला पडेल. तेव्हा टोरोंटोची एक मराठी टूर कंपनी शोधून काढली. ते स्वतःचा आचारी बरोबर नेतात. सकाळी पोहे, रात्री वरणभात, मध्ये बुद्ध. जयंती म्हणाली, “तुला ज्यात बरं वाटेल ते कर.” शेवटी शहाणी आहे.

३ मार्च

गौरांगीने विमानाची तिकिटं काढून पाठवली. व्हँकुव्हरला एवढ्या मोठ्या कंपनीत मॅनेजर आहे आणि एक तिकीट धड काढता येत नाही. माझं बरोबर आहे, ओटावा-व्हँकुव्हर-टोकियो आणि परत ओसाका-व्हँकुव्हर-ओटावा. जयंतीचं परतीचं तिकीट मात्र व्हँकुव्हरला संपतं. पुढे काही नाही. माणूस काय तिथून कनाटाला चालत येणार?

फोन केला. “आय डिडन्ट मेक अ मिस्टेक, बाबा. आस्क आई.” चूक केली की आईवर ढकलायची, ही तिची सवय लहानपणापासूनची.

जयंती कपाट आवरत होती. म्हणाली, “बघू रे परत येताना.” आवरायचं खूळच घेतलंय सध्या. स्नोबूट उचलून देणगीच्या पेटीत टाकून आली. म्हटलं, अजून महिनाभर बर्फ आहे. म्हणाली, “मला पुरे झाला.” दोन आठवड्यांच्या सहलीला दोन मोठ्या बॅगा, आणि त्यातल्या एकीत बिडाचा तवा! हा म्हणे वाटेत गौरांगीकडे ठेवायचा. गौरांगीने आयुष्यात अंडं उकडलेलं नाही. दोघी मायलेकी सारख्याच.

२९ मार्च, टोकियो

पोचलो. आम्ही चौदा जण आहोत, सगळे मराठी, सगळे कॅनडाचे, सगळे निवृत्त, आणि निम्म्यांना ऐकू येत नाही. टूर मॅनेजर श्रेयस भगवा झेंडा घेऊन पुढे चालतो, मागून आम्ही. लोकांना वाटत असेल मोर्चा आलाय. आचाऱ्याचं नाव ईश्वर. त्याने प्रेशर कुकर मांडीवर घेऊन अख्खा पॅसिफिक ओलांडला.

आज फुलं पाहिली. गुलाबी गुलाबी म्हणून जगभर बोंब, जवळ जाऊन पाहिलं तर पांढरी. झाडाखाली निळं प्लॅस्टिक अंथरून, चपला ओळीने लावून, अख्खी ऑफिसंच्या ऑफिसं बसली होती. आमच्या ग्रुपमधल्या व्हिटबीच्या अरुणा वहिनींनी तीनशे फोटो काढले. झाड एकच.

इथल्या वॉशरूममध्ये भिंतीवर अठरा बटणं आहेत. मी टेलिकॉममध्ये तीस वर्षं काढली, स्विचबोर्ड कोळून प्यायलोय, तरी चुकीचं बटण दाबलं गेलंच. पँट वाळत घातली आहे.

३१ मार्च

आज देवळाचा दिवस होता. सगळे बसमध्ये चढले आणि जयंती खालीच उभी. “तुम्ही जा. मी मासळीबाजारात जाऊन येते.” चौदा माणसांसमोर! शेवटी मीही उतरलो, कारण तिच्या फोनला इथे रेंज नाही आणि तिला दिशांचं ज्ञान कधीच नव्हतं. इथे मात्र ती माहेरच्या गल्लीत शिरावी तशी शिरली. एकदाही रस्ता विचारला नाही.

त्या बोळांचं काय वर्णन करावं? ओला रस्ता, बर्फाची खोकी, आणि वास. एका टपरीवर एक म्हातारी निखाऱ्यावर मासे भाजत होती. जयंतीने बोट दाखवलं. म्हातारीने एक अख्खा मासा, भात आणि वाटीभर सूप पुढे ठेवलं. मी रुमाल नाकाला लावून बाहेर उभा राहिलो.

जयंतीने आधी नुसता वास घेतला. मग त्या काड्या बाजूला ठेवल्या आणि बोटांनी शेपटीकडून असा काही काटा उचलला, की डोक्यापर्यंतचा अख्खा सांगाडा एका दमात बाहेर आला. म्हातारीने टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, “जयंती, लोक बघताहेत.” ती म्हणाली, “बघू देत.”

डोकंही सोडलं नाही. म्हातारीने खूश होऊन आणखी एक तुकडा दिला. त्यावर दोघी वीस मिनिटं बोलल्या. म्हातारी जपानीत आणि ही मालवणीत! “ताजो आसा गो, लय बरो आसा.” हिच्या तोंडून मालवणी मी कधी ऐकली शेवटची, आठवत नाही. घरी दीड पोळीवर हात धुणाऱ्या बाईने इथे दोन वेळा भात मागून घेतला. जेवण झालं तेव्हा नाक लाल झालं होतं. तिखट तर काही नव्हतं.

परत येताना तिने माझा हात धरला. मासळीचा हात. काय करणार, रस्ता क्रॉस करायचा होता.

२ एप्रिल

एक गोष्ट कबूल करतो. सकाळी हॉटेलात सोयाबीनचं एक सार देतात, मिसो म्हणतात. साधं, गरम, पोटाला शांत. वर दोन पांढरे पनीरसारखे तुकडे आणि चिमूटभर कांद्याची पात. शुद्ध शाकाहार किती चवदार होऊ शकतो, हे या लोकांकडून शिकावं. नाहीतर ईश्वरची आमटी, वर तेलाचा तवंग आणि खाली गाळ. मी तीन वाट्या प्यायलो. अरुणा वहिनींनाही आग्रह करून पाजलं.

जयंती माझ्याकडे बघत होती. “आवडलं?”

“आपण घरी का करत नाही असं?”

“घे आणखी,” ती म्हणाली.

५ एप्रिल, क्योतो

त्यांच्या त्या सुप्रसिद्ध गाडीने आलो. वेळेवर सुटली, वेळेवर पोचली. एवढ्याचं काय कौतुक? गाडीचं कामच ते. सोन्याचं देऊळ पाहिलं. तेही तळ्यापलीकडून, कारण आत सोडत नाहीत. काल नाराला हरणं पाहिली, ती बिस्किटासाठी मान लववून नमस्कार करतात. आमच्या मंडळाचे कार्यकर्ते वर्गणीच्या वेळी करतात तसा.

रोज दुपारी जयंती गायब. रोज संध्याकाळी परत आली की गाल वर आलेले. काल म्हणे कसलासा मासा भातात घालून वर चहा ओतून खाल्ला. चहा! सांगताना हसत होती. हिला काय झालंय कळत नाही. डॉक्टरला सांगायला हवं.

आज पंगतीत अरुणा वहिनींनी विषय काढलाच. “भावोजी, जयंती आजही बाहेरच? इतकी वर्षं बिचारीला उपाशी ठेवलं होतंत की काय?” सगळे हसले. मी म्हटलं, “वहिनी, आमच्याकडे बाहेर खायला पूर्ण मोकळीक आहे. पहिल्यापासून.” चांगलं ठणकावून सांगितलं.

जयंती आल्यावर तिलाही ते सांगितलं, म्हणजे कोणी विचारलं तर तिने तेच सांगावं. ती पलंगावर बसली आणि बूट काढता काढता म्हणाली, “मी बाहेरही खाल्लं नाही, नंदू.”

“म्हणजे?”

“तुझ्या आईंना मी शब्द दिला होता, खाणार नाही म्हणून. त्यात घर-बाहेर काही नव्हतं. घर वेगळं आणि बाहेर वेगळं असतं, हे मला तुझ्यामुळे कळलं. तुझ्या कोटाला वास यायचा.”

मला वाटायचं, ती लायब्ररीत काम करत होती तेव्हा तिथल्या मैत्रिणींबरोबर खात असेल. कधी विचारलं नाही, कारण त्यात विचारायचं काय? सत्तेचाळीस वर्षं! इतकं कडक पाळायला कोणी सांगितलं होतं? आई होती तोवर एक वेळ समजू शकतो. आई जाऊनही एकवीस वर्षं झाली. हा निव्वळ हट्ट आहे.

वाईट वाटलं. लिहून ठेवतो, कारण तिला सांगणार नाही.

६ एप्रिल

फसवणूक झाली आहे. आज नाश्त्याला चौथी वाटी घेताना श्रेयस शेजारी आला आणि म्हणाला, “काका, तुम्ही फिश खाता हे माहीत नव्हतं. मी ईश्वरला उगाच तुमचं सगळं वेगळं काढायला सांगत होतो.”

“कोण फिश खातं?”

“या सूपचा बेसच फिशचा असतो ना. ड्राय केलेला मासा किसून उकळतात. इथे सगळ्यातच असतं ते. नूडल्समध्ये, भाज्यांमध्ये. मी पहिल्या दिवशीच अनाउन्स केलं होतं.”

पहिल्या दिवशी माझी पँट ओली होती, मी खोलीत होतो.

म्हणजे आठवडाभर रोज सकाळी मी मासे पितोय. आणि वर अरुणा वहिनींना पाजलेत. त्यांना हे सांगणार नाही. जयंतीकडे गेलो. “तुला माहीत होतं?”

“पहिल्या घोटात कळलं.”

“आणि तू बोलली नाहीस?”

“तू विचारलं नाहीस. आणि एवढ्या आवडीने कोणी काही खात असेल, तर त्याचा घास कशाला काढायचा?” हे म्हणून ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. काहीतरी अपेक्षा असल्यासारखी. मी म्हटलं, “माझ्या आईला काय वाटलं असतं?” तिने मान वळवली.

७ एप्रिल

ईश्वरच्या आमटीकडे पाहिलं. तवंगात माझा चेहरा दिसला. कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन मिसोची एक वाटी घेतली. कोणी बघत नव्हतं.

९ एप्रिल, मियाजिमा

इथे समुद्रात एक लाल कमान उभी आहे. भरती आली की पाण्यात, ओहोटी लागली की चिखलात. जमीन एवढी पडलेली असताना समुद्रात बांधकाम करायची काय गरज होती, हे विचारल्यावर श्रेयसने माझ्या हातात भरती-ओहोटीचं वेळापत्रक ठेवलं. ग्रुप फोटोसाठी रांगेत उभा राहिला. जयंती लांब एका दगडी कठड्यावर बसली होती, पाण्याकडे तोंड करून. मी शेजारी जाऊन बसलो.

म्हटलं, “उद्या ओसाकाला पोचलो की तुझ्या तिकिटाचं बघतो. व्हँकुव्हरपासून पुढचं काढायचंय.”

“ती चूक नाही, नंदू.”

“काय?”

“मी व्हँकुव्हरला राहणार आहे. गौरांगीचं बेसमेंट रिकामं आहे. तिथून समुद्र चालत बारा मिनिटांवर आहे.”

“किती दिवस?”

“राहणार म्हणजे राहणार.”

मला हसू फुटलं. खरंच मोठ्याने हसलो. “माशांसाठी? अगं, लोक काय म्हणतील? सत्तराव्या वर्षी बाईने माशांसाठी नवरा सोडला!”

“मासे बी-ट्वेल्व्हसाठी,” ती म्हणाली. हसली नाही. “आई गेल्या तेव्हा मला वाटलं, आता तू म्हणशील. जयंती, आता खा. बारावं-तेरावं झालं, वर्षश्राद्ध झालं. ग्रोसरीला गेलो की तू मासळीच्या काउंटरवरून ट्रॉली ढकलत पुढे जायचास आणि मी तुझ्या पाठीकडे बघायचे. आज म्हणेल. मग कधीतरी बघायचं सोडून दिलं.”

“तू बोलायचंस ना! मी नाही म्हटलं असतं का?”

“नसतंस म्हटलं. माहीत आहे मला. पण शब्द मी दिला होता. तो मागून घ्यायला कसं जायचं? सोडवणारं दुसरं कोणीतरी लागतं.”

“मग आता कशी खातेस?”

“आता माझी मीच सोडवली. पण त्या घरात मला ते जमायचं नाही.”

तेवढ्यात श्रेयसने झेंडा हलवला. फेरीबोटीवर ती डेकवर बसली, मी आत. अरुणा वहिनींनी विचारलं, “भांडलात की काय?” मी म्हटलं, बोट लागते मला. माझ्याकडे उत्तरं भरपूर होती. इतकी वर्षं तुला कशाला कमी पडू दिलं? घर, गाडी, दर दोन वर्षांनी भारत. एकेक मुद्दा डोक्यात पक्का मांडला. किनारा आला तेव्हा लक्षात आलं, की यातलं काहीच तिने नाकारलेलं नाही.

११ एप्रिल, व्हँकुव्हर विमानतळ

ओसाकाहून ज्या वेळेला निघालो त्याच्या आधीच इथे पोचलो, तारीख तीच. आधुनिक विज्ञान माणसाचा दिवस परत देतं आणि त्याचं करायचं काय ते सांगत नाही.

गौरांगी न्यायला आली होती. एकीला. मी तिला म्हटलं, “शी विल बी होम बाय मे. बघ तू.” ती म्हणाली, “बाबा, यू कॅन स्टे टू. देअर्ज रूम.” मी म्हटलं, मला बेसमेंटची हवा सोसत नाही. जयंतीने मला पटकन काय कुठे आहे ते सांगितलं. हिंग वरच्या फळीवर, गोळ्या डाव्या खणात, कुकरची नवी रिंग फडक्याखाली. सगळी यादी पाठ केल्यासारखी. मग म्हणाली, “जेवत जा.”

मी म्हटलं, “तू नसलीस तर काही अडत नाही.” असं म्हणायचं नव्हतं. आता गेटवर बसून हे लिहितोय. ओटावाचं विमान दीड तास लेट आहे. जपानात असं झालं असतं तर माफी मागितली असती, हे मीच शेजारच्या माणसाला सांगितलं. स्वतःची लाज वाटली.

१९ एप्रिल, कनाटा

बर्फ वितळून चिखल झाला आहे. विंटर टायर काढायचेत. मंडळातून तीन फोन आले, जपान कसं वाटलं? सांगितलं, स्वच्छ आहे.

घर शांत आहे. मला शांतता आवडते, असं मी पूर्वी म्हणत असे.

फोन केला तर गौरांगीने उचलला. मागे तव्यावर काहीतरी चुरचुरत होतं. आई कामात आहे म्हणाली. जयंती मागे कोणाशी तरी मोठ्याने बोलत होती. कोण आहे विचारलं, तर खालच्या गल्लीतली एक फिलिपिनो आजी. हिला आठवड्यात तिथे मैत्रीण मिळाली. मला या गल्लीत पस्तीस वर्षांत शेजाऱ्याच्या कुत्र्याचं तेवढं नाव माहीत आहे.

वरणभात केला. हिंग सापडला नाही. वरच्या फळीवरच होता.

२४ एप्रिल

आईचा फोटो डायनिंग रूममध्ये आहे. जेवताना समोर येतो. आज उचलून वरच्या खोलीत ठेवला. मग परत आणून लावला. आईने एका घराची अट घातली होती, आणि मी ती एकवीस वर्षं तशीच चालू ठेवली. बंद करायला विसरलेला दिवा असावा तशी. फोटो हलवून काय होणार?

२६ एप्रिल, शनिवार

मी इंजिनिअर आहे. प्रॉब्लेम नीट मांडला की उत्तर निघतं. ती म्हणते, त्या घरात जमणार नाही. का, तर त्या घरात मासा शिजलेला नाही. मग शिजवायचा. त्यात काय मोठंसं? जपानात टपरीवरची म्हातारी शिजवते, मी तर सोळा पेटंट घेतलीत. शिजवायचा, फोटो काढायचा, पाठवायचा. मंगळवारपर्यंत जयंती परत.

सकाळी उठून ओटावात फिश मार्केटला गेलो. रांगेचा नंबर घेतला, रुमाल खिशातच ठेवला. काउंटरमागच्या दाढीवाल्या माणसाने विचारलं, “व्हॉट कॅन आय गेट यू, सर?”

मी म्हटलं, “फिश.”

“शुअर. विच वन?”

काचेखाली पंचवीस तरी जाती होत्या. लाल, पांढरे, पट्टेवाले, एक तर सरळ माझ्याकडेच बघत होता. मी त्या पाट्या डावीकडून उजवीकडे वाचल्या, मग उजवीकडून डावीकडे. तिला कोणता आवडतो? मला तिच्या चष्म्याचा नंबर माहीत आहे, चपलेचं माप माहीत आहे, सोशल इन्शुरन्स नंबर पाठ आहे. हे माहीत नाही. मागे चार माणसं उभी होती.

फोन लावला. या वेळेस तिनेच उचलला.

“जयंती, तुला कोणता मासा आवडतो?”

पलीकडे चुरचुरणारा तवा बंद झाला. मला वाटलं फोन कट झाला.

“हॅलो? अगं, मी दुकानात उभा आहे. मागे लाइन आहे. लवकर सांग.”

“कर्ली,” ती म्हणाली. “मला कर्ली आवडते.”

मी त्या माणसाला सांगितलं. स्पेलिंगही सांगितलं. तो म्हणाला, “नेव्हर हर्ड ऑफ इट, सर.” पाट्या पुन्हा वाचल्या. नव्हती.

“इथे नाही म्हणतोय.”

“तिथे कुठली मिळायला? इथेही नाही मिळत. जपानातही नव्हती, शोधली मी. ती तिकडेच, आपल्या किनाऱ्याला. फार काटे असतात. बाबा काढून द्यायचे मला, मी दहावीत जाईपर्यंत.”

लग्न करताना ज्यांच्या पाया पडलो, ते माझे सासरे हे करायचे, हे मला माहीत नव्हतं. सत्तेचाळीस वर्षांनी एक प्रश्न विचारला, आणि त्याचं उत्तर या अख्ख्या खंडात विकत मिळत नाही. आजवर मी बऱ्याच गाढवांना हसलो आहे. माझ्या तोडीचा एकही नव्हता.

“एनीथिंग एल्स, सर?” तो माणूस म्हणाला. मागच्या बाईने घसा खाकरला.

“ठेवते मी,” जयंती म्हणाली. “विचारलंस, ते बरं केलंस.”

“थांब, ठेवू नकोस.” मी लाइनमधून बाजूला झालो आणि त्या बाईला पुढे जायला सांगितलं. “कर्लीच्या खालोखाल कोणता?”

ती हसली की रडली, फोनवर समजलं नाही. मग सांगायला लागली. बांगडा, पण पावसाळ्याच्या आधीचा. मग पेडवे, तिरफळ घालून. मग सौंदाळे, ते फक्त तिची आत्या चांगले करायची, आणि त्या आत्याची गोष्ट, आणि जयंती स्वतः शाळेतून येताना होडीवाल्याकडून ओच्यात मासे घेऊन यायची ते. मी बर्फाच्या मशीनला टेकून उभा होतो. मध्ये एकदाही बोललो नाही. पाऊण तास झाला, दाढीवाल्याने काउंटर पुसायला घेतला, फोनची बॅटरी लाल झाली.

मासा घ्यायचा राहूनच गेला.